भय, नाट्य आणि बेगमी

गेल्या खेपेला आपण अफवा आणि विश्वास यांबद्दल बोललो. शेवटी वेळ संपली आणि एका श्रोत्यांचा प्रश्न राहून गेला. प्रश्न असा होता : महासाथीवरचे चित्रपट पाहून लोक सावध होतात, की नुसतेच घाबरतात? घरी गेल्यावर लक्षात आलं की याचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही. म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नावर आहे.

आधीच एक सांगून टाकतो. आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. विषाणू हा आमच्या अभ्यासाचा विषय नव्हे. त्याबद्दल डॉक्टरांचंच ऐकावं. पण भय म्हणजे काय, ते माणसाकडून काय करवून घेतं, आणि रंगमंचावरचं किंवा पडद्यावरचं भय हे खऱ्या भयापेक्षा वेगळं असतं का, हे प्रश्न मात्र आमच्या गल्लीतले आहेत. तिथूनच सुरुवात करू. पण आधी एक गोष्ट.

२००६ सालची गोष्ट

साल २००६. एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूची जगभर धास्ती होती. माणसांना त्याची लागण क्वचित होत होती, पण ज्यांना झाल्याचं सिद्ध झालं त्यांतले निम्म्याहून अधिक दगावत होते. तो माणसाकडून माणसाकडे सहज पसरू लागला तर काय, ही ती धास्ती. अमेरिकेत सरकारने महासाथीच्या तयारीचा दोनशेहून अधिक पानांचा आराखडा ३ मे रोजी जाहीर केला. आणि सहाच दिवसांनी, ९ मे रोजी, एबीसी वाहिनीने एक दूरचित्रपट दाखवला : ‘फेटल कॉन्टॅक्ट : बर्ड फ्लू इन अमेरिका’.

आता बघा, एकाच आठवड्यात एकाच विषयावर दोन गोष्टी लोकांसमोर आल्या. आराखडा किती जणांनी वाचला असेल? चित्रपट मात्र दिवाणखान्यात बसून पाहिला गेला. त्यात एक व्यापारी आशियातून परततो, विषाणू सोबत आणतो, आणि बघता बघता माणसं मरू लागतात. वस्त्यांभोवती काटेरी तारा उभ्या राहतात. चित्रपट दाखवला जाण्याआधीच अमेरिकेच्या आरोग्य खात्याला खुलासा करावा लागला की हा चित्रपट आहे, माहितीपट नव्हे. हा विषाणू आजच्या घडीला माणसांमध्ये असा पसरत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये तिथले आरोग्यमंत्री मायकेल लेव्हिट लोकांना एक साधा सल्ला देत होते. दुकानात गेलात की ट्यूना माशाच्या तीन डब्यांऐवजी चार घ्या आणि चौथा पलंगाखाली ठेवा. दुधाच्या भुकटीचंही तसंच करा. यावर विनोद झाले. महासाथ येणार आणि मंत्री म्हणतात मासे पलंगाखाली ठेवा! काटेरी तारांवर मात्र कोणी हसलं नाही. ही विसंगती आम्हांला फार महत्त्वाची वाटते. शहाणपणाची गोष्ट हास्यास्पद ठरली आणि कल्पनेतली गोष्ट गंभीर.

त्या वर्षी हा विषय आपल्यापासूनही लांब नव्हता. फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये हाच विषाणू सापडला. भारतातली ती पहिली नोंद. काही लाख कोंबड्या माराव्या लागल्या. माणसाला लागण झाल्याचं तेव्हा सिद्ध झालं नाही. पण पार मुंबई-पुण्यापर्यंत लोकांनी चिकन आणि अंडी सोडली, भाव कोसळले, आणि नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांचं कंबरडं मोडलं. भयाची किंमत कोणाला मोजावी लागते, हे ज्याला पाहायचं होतं त्याला तेव्हाच दिसलं होतं.

पडद्यावरचं भय म्हणजे काय

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. नाट्यशास्त्रात भरताने भयानक हा एक रस सांगितला आहे. भय हा त्याचा स्थायीभाव. अभिनवगुप्ताने यावर जो विचार केला तो विलक्षण आहे. ‘शाकुंतला’च्या सुरुवातीला दुष्यंताच्या बाणापुढे जिवाच्या आकांताने पळणारं हरिण आठवा. अभिनवगुप्त म्हणतो, ते वर्णन वाचताना आपल्याला जे भय जाणवतं ते त्या हरणाचं नसतं आणि आपलंही नसतं. अमक्या ठिकाणी, अमक्या वेळी, अमक्याला वाटणारं असं ते राहतच नाही. म्हणून तर आपण त्याचा आस्वाद घेऊ शकतो. खऱ्या भयाने माणूस उठून पळाला असता. प्रेक्षक पळत नाही, बसून राहतो.

हे कलेचं सामर्थ्य झालं. पण सावधगिरीच्या दृष्टीने पाहिलं तर हीच तिची अडचण आहे. जे भय ‘माझं’ नाही, ‘इथलं’ नाही आणि ‘आत्ताचं’ नाही, त्यातून माझ्या हातून, इथे, आत्ता काही घडणार कसं?

ॲरिस्टॉटलकडे या कोड्याची दुसरी बाजू सापडते. ‘पोएटिक्स’मध्ये तो म्हणतो की शोकांतिका भय आणि करुणा जागवून त्यांचा निचरा करते. हे आपण सगळे शिकलो आहोत. पण त्याच्याच ‘ऱ्हेटरिक’च्या दुसऱ्या भागात भयाबद्दल एक वेगळं निरीक्षण आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. तिथे तो म्हणतो, भय माणसाला विचारविनिमय करायला लावतं. मात्र एका अटीवर. सुटकेची थोडी तरी आशा हवी. जिथे सगळंच संपलं आहे असं वाटतं, तिथे कोणी सल्लामसलत करत बसत नाही.

म्हणजे भयाच्या दोन वाटा झाल्या. एक निचऱ्याची : पाहिलं, शहारलो, हलके झालो, झोपलो. दुसरी विचाराची : पाहिलं, घाबरलो, आणि ‘आता काय करायचं?’ म्हणून चार माणसांबरोबर बसलो. दुसऱ्या वाटेला आशा लागते, आणि आशा म्हणजे गोड बोलणं नव्हे. आपल्या हातून काहीतरी होऊ शकतं, एवढी खात्री म्हणजे आशा. कोणताही आपत्तीपट पाहिला की एवढंच विचारावं : याने आपल्याला कोणत्या वाटेला लावलं?

चित्रपट कुठे चुकतात

या कसोटीवर बहुतेक आपत्तीपट नापास होतात. त्यांच्या तीन चुका सांगतो.

पहिली चूक जमावाची. पडद्यावर साथ आली की माणसं लगेच दुकानं फोडतात, एकमेकांना तुडवतात. अमेरिकेत १९६३ साली ओहायोमध्ये आपत्तींच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघालं. एन्रिको क्वारँटेली आणि त्यांचे सहकारी प्रत्यक्ष आपत्तीच्या जागी जाऊन पाहत. अनेक वर्षांच्या अभ्यासात त्यांना वारंवार आढळलं ते असं : सैरावैरा पळापळ फार क्वचित होते, बहुतेक माणसं शेजाऱ्याला हात देतात. चुकीचं चित्र मनात बसल्याने नुकसान होतं ते असं : लोक बिथरतील या भीतीने अधिकारी माहिती दाबून ठेवतात, आणि शेजारी वाईटच वागणार या समजुतीने आपण आधीच दार लावून घेतो.

दुसरी चूक वेळेची. चित्रपटात सगळं शेवटच्या अर्ध्या तासात ठरतं. कोणीतरी शास्त्रज्ञ लस शोधतो आणि संगीत बदलतं. १९१८ च्या फ्लूत काय झालं ते बघा. फिलाडेल्फियात साथ शिरलेली असतानाही २८ सप्टेंबरला युद्धकर्जासाठी मोठी मिरवणूक निघाली. सुमारे दोन लाख लोक जमले. काही दिवसांत रुग्णालयं भरून गेली. सेंट लुईसमध्ये मात्र पहिले रुग्ण दिसल्यावर दोन-तीन दिवसांतच शाळा, नाटकगृहं आणि सभा बंद केल्या. २००७ साली संशोधकांनी या शहरांचे आकडे मांडले. साथ ऐन भरात असताना आठवड्याला लाखामागे होणारे जादा मृत्यू फिलाडेल्फियात २५७ होते, सेंट लुईसमध्ये ३१. लस तेव्हा कुठेच नव्हती. हा फरक पडला तो लवकर घेतलेल्या कंटाळवाण्या निर्णयांमुळे. शाळा बंद करण्याच्या बैठकीवर चित्रपट कोण काढणार?

तिसरी चूक आम्हांला सर्वांत मोठी वाटते. ‘विषाणू राजा-रंक पाहत नाही’ हे वाक्य प्रत्येक साथीत आपण ऐकतो आणि चित्रपटही तेच सांगतात. त्याच १९१८ मध्ये फ्लू मुंबई बंदरातून देशात शिरला. ६ ऑक्टोबरला मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षी या साथीने शहरातल्या युरोपियनांमध्ये हजारी सुमारे ८ माणसं गेली, पारशांमध्ये ९. ज्यांची नोंद तेव्हा ‘खालच्या जाती’ अशी केली जाई, त्यांच्यात हजारी ६१. विषाणू एकच, शहर एक, महिने तेच. विषाणू राजा-रंक पाहत नसेल. पण खोलीत किती माणसं झोपतात, नळाला पाणी किती येतं, एक दिवस काम चुकलं तर चूल पेटते का, हे सगळं मधे येतंच.

आणखी एक गंमत. २००९ साली फ्लूची महासाथ खरोखरच आली. ती बर्ड फ्लूची नव्हती, एच१एन१ म्हणजे स्वाइन फ्लूची होती. भारतातला पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. आम्ही तेव्हा इथेच होतो. आठवडाभर शाळा-कॉलेजं बंद, औषधाच्या दुकानांत मास्क मिळेना, मिळाला तर चौपट भावाने. अनेकांनी रुमालच बांधले. पुढे ही साथ पडद्यावरच्या साथीएवढी भयंकर निघाली नाही, आणि लोक म्हणू लागले, ‘उगाच बाऊ केला.’ चित्रपटाने आपल्या मनात एक माप ठरवून ठेवलेलं असतं. त्या मापाला जी साथ पुरत नाही ती साथच नव्हे, असं वाटू लागतं. मग पुढच्या वेळी तयारीला पैसा आणि लक्ष दोन्ही कमी पडतात.

चित्रपट कुठे उपयोगी पडतात

सगळेच चित्रपट असे नसतात, हेही सांगायला हवं. स्टीव्हन सोडरबर्गचा २०११ चा ‘कॉन्टेजन’ घ्या. इयान लिपकिन या विषाणूतज्ज्ञाचं मार्गदर्शन घेऊन तो केलेला आहे. एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते हा हिशेब, दिवसात आपण कितीदा तोंडाला हात लावतो ही गोष्ट, खोट्या औषधाचा धंदा करणारा माणूस, लस मिळाल्यावरही तिची वाट पाहणारी रांग, हे सारं त्यात आहे. २०२० मध्ये तो जगभर पुन्हा पाहिला गेला. ब्रिटनचे तेव्हाचे आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी तर नंतर सांगितलं, की लस आल्यावर तिच्यासाठी झुंबड उडेल, ती भरपूर मागवून ठेवावी, हे आपल्या मनात ठसण्यात त्या चित्रपटाचाही हात होता.

किंवा आशिक अबू यांचा २०१९ चा ‘व्हायरस’ हा मल्याळम चित्रपट. आदल्या वर्षीच्या कोझिकोडच्या निपाह साथीवरचा. त्यात नायक एक नाही. कोण कुणाला कुठे भेटलं हे वहीत उतरवणारे डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, मृतदेहाची व्यवस्था करणारे कर्मचारी आहेत. भय त्यातही आहे. पण माणसं बैठकीला बसतात, भांडतात, चुकतात आणि पुन्हा कामाला लागतात. ॲरिस्टॉटल म्हणतो तो विचारविनिमय तिथे पडद्यावरच दिसतो.

आणि जुनं उदाहरण, महासाथीचं नसलं तरी शिकण्यासारखं. २० नोव्हेंबर १९८३ ला अमेरिकेत अणुयुद्धावरचा ‘द डे आफ्टर’ दाखवला गेला. सुमारे दहा कोटी लोकांनी तो पाहिला. वाहिनीने तो संपताच लोकांना झोपायला पाठवलं नाही. लगेच चर्चा ठेवली. कार्ल सेगन, हेन्री किसिंजर, रॉबर्ट मॅकनामारा, एली वीझेल अशी परस्परांशी न पटणारी माणसं एकत्र बसवली. भय निचऱ्याच्या वाटेने जाण्याआधी त्याला विचाराच्या वाटेवर वळवण्याचा तो प्रयत्न होता.

आमचीच गोष्ट

आता जरा अवघड भाग. २०२० च्या मार्चमध्ये आम्ही आणि आमच्या सौभाग्यवतींनी ‘कॉन्टेजन’ पाहिला. मन लावून पाहिला. दुसऱ्या दिवसापासून दुधाच्या पिशव्या धुतल्या जाऊ लागल्या, दाराच्या कड्या पुसल्या जाऊ लागल्या. दोन महिन्यांचं धान्य आणि रक्तदाबाच्या गोळ्या भरल्या. सोसायटीच्या समितीने ठराव केला की बाहेरून कामाला येणाऱ्या कोणालाही गेटच्या आत घ्यायचं नाही. आम्ही सही केली. वयाच्या मानाने ते चूक होतं असं आजही म्हणणार नाही.

दहाव्या दिवशी फोन आला. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींचा. आधी आमची चौकशी केली, मग अडखळत विचारलं, ‘सर, या महिन्याचं अर्धं तरी मिळेल का?’ त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं होती आणि पाचांचीही कामं बंद होती.

पैसे आम्ही त्याच दिवशी पाठवले. पण मुद्दा पैशांचा नाही. दहा दिवस आमच्या डोक्यात त्यांचा विचारच आला नव्हता. आणि चित्रपटाने हे सांगितलं नाही, अशी सबब सांगायचीही सोय नाही. त्या चित्रपटात एक मोठा डॉक्टर आपल्या होणाऱ्या बायकोला सगळ्यांच्या आधी शहर सोडायला सांगतो. ते बोलणं त्याच्या कार्यालयातला सफाई कामगार ऐकतो आणि म्हणतो, माझीही माणसं आहेत. शेवटी तो डॉक्टर आपल्या वाट्याची लस त्या कामगाराच्या मुलाला देतो. हे आम्ही पाहिलं होतं. डोळे ओलेही झाले होते. म्हणजे निचरा झाला होता! हाताशी उरलं ते फक्त दुधाची पिशवी धुणं.

चाळीस वर्षं वर्गात ‘पोएटिक्स’ शिकवलेल्या माणसाला ॲरिस्टॉटल त्या फोनवर समजला.

बेगमी

आमचं लहानपण कोकणातलं. मृग लागण्याआधी घरोघर आगोटीची तयारी चाले. सुकी लाकडं पडवीत रचायची, तांदूळ-कुळीथ भरायचे, मीठ, लोणची, पापड, सुकी मासळी. चार महिने वाट बंद पडली तरी घर चालावं, ही बेगमी. लेव्हिटसाहेबांचा पलंगाखालचा डबा म्हणजे दुसरं काय होतं?

या बेगमीबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, ती करताना घरात कोणी भ्यालेलं नसे. पाऊस येणार हे ठरलेलं होतं. भय जिथे रीतीत मुरतं तिथे त्याचा आवाज होत नाही. दुसरी, आईच्या मापात शेजारच्या एकट्या राहणाऱ्या काकूंचा वाटा आधीच धरलेला असे. ‘वेळ आली की बघू’ असं नव्हतं. वेळ येण्याआधीच बघितलेलं होतं.

तेव्हा आपल्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मते असं. चित्रपट माणसाला सावध करू शकतो, पण एकटा करू शकत नाही. चित्रपट डोळे उघडतो. पुढचं काम बेगमीचं, आणि त्या दोहोंच्या मधे चार माणसांचं बोलणं लागतं. पुढच्या वेळी असा चित्रपट पाहाल तेव्हा लगेच दिवा मालवू नका. घरात, सोसायटीत तीन प्रश्न विचारा. हे आपल्याकडे झालं तर पहिल्या आठवड्यात आपण काय करू? ते करायला आज काय लागेल? आणि आपल्या बेगमीत कोणाचा वाटा धरायचा राहिला आहे?

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : पण सर, भीती दाखवल्याशिवाय लोक हलतच नाहीत, हे खरं नाही का?

उत्तर : अर्धं खरं आहे. भीतीच्या संदेशांवर किम विटी या संशोधक बाईंनी १९९२ मध्ये एक मांडणी केली. धोका मोठा वाटला आणि आपल्याला उपाय जमेल असंही वाटलं, तर माणूस धोका आवरायला लागतो. उपाय जमणार नाही असं वाटलं, तर तो धोक्याऐवजी आपली भीतीच आवरायला लागतो. म्हणजे नाकारतो, हसतो, वाहिनी बदलतो. ॲरिस्टॉटलचीच गोष्ट आहे ही, फक्त आकड्यांसकट.

प्रश्न : बर्ड फ्लूच्या बातम्या पुन्हा येत आहेत. अमेरिकेत २०२४ मध्ये तो गाईंमध्येही सापडला. आम्ही नेमकं काय करावं?

उत्तर : घाबरून चिकन सोडू नका, नवापूर आठवा. मांस-अंडी नीट शिजवून खा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. नेहमीची औषधं दोन आठवडे पुरतील एवढी घरात असू द्या. फ्लूची लस घ्यावी का, ते आपल्या डॉक्टरांना विचारा. आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत पाणी आणि पार्किंगचे विषय संपले की आणखी एक विषय मांडा : गेट बंद करायची वेळ आली, तर गेटबाहेरच्या माणसांचा पगार चालू राहील असा ठराव आजच करायचा का? आमच्या सोसायटीत आम्ही तो मांडला. पहिल्या सभेत नामंजूर झाला, दुसऱ्या सभेत मंजूर झाला.

इथेच थांबू.